शिवलेल्या बाह्या

"तू आत्ताच्या आत्ता निघ," फोनवर भाऊ म्हणाला. "चिंधी लग्न मोडतेय."

"उद्या लग्न आणि आज मोडतेय? मुलानं काही केलं का?"

"मुलगा बिचारा देवमाणूस आहे. तिची आई नको म्हणतेय."

"कुठली आई? तिला दोन आहेत."

"मेलेली," भाऊ म्हणाला.

चिंधीची ही आत्या पोलिसात होती. आता पेन्शन घेत होती, पण अख्खं गोत तिला फौजदार आत्याच म्हणे. दूधवाल्यालाही ती उलटतपासणी घेतल्याशिवाय सोडत नसे. जित्याची खोड, दुसरं काय! तिनं नोकरीतला जुना काळा लोकरी कोट अंगावर चढवला. हा कोट इतकी वर्षं टिकला तो वहिनीच्या, म्हणजे चिंधीच्या सख्ख्या आईच्या, कृपेनं. वहिनी होती तोवर दर उन्हाळ्यात तो तिच्या शिवणदुकानात सांभाळायला जायचा आणि थंडी पडली की झटकून, इस्त्री होऊन परत यायचा. नंतर वहिनी गेली, दुकान गेलं, कोट तेवढा राहिला.

बाहेर धुकं असं की समोरचा माणूस अंगावर आल्यावरच कळावा.

दार नव्या आईनं उघडलं. भावानं दुसरं लग्न केलं त्याला युग लोटलं, तरी तिला घरात सगळे नवी आईच म्हणत. तिचे डोळे सुजले होते. "वन्सं, तुम्हीच काय ते बघा. पोरीनं अन्नाला हात लावलेला नाही. संध्याकाळी मुलाकडच्यांना फोन करून नाही म्हणून सांगते म्हणतेय."

"संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना? मग रडणं बंद कर आणि मला ती खोली दाखव."

घराच्या मागच्या अंगाला वहिनीची शिवणाची खोली होती. दुकान बंद झाल्यावर तिथलं सामान इथे आणून ठेवलं आणि खोलीला कुणी हात लावला नाही. चादरीखाली मशीन. खिडकीशी शिवणकामाचा लाकडी पुतळा, बिनडोक्याचा, वहिनीच्याच मापाचा. भिंतीशी उंच कपाट. आत शिरताच आत्या थबकली. खोलीत लवंगेचा वास भरून राहिला होता. वहिनीच्या अंगाला, केसांना कायम हाच वास यायचा. आत्याच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि तिला स्वतःचाच राग आला.

चिंधी मशीनजवळ जमिनीवर बसली होती. लहानपणी कापडाच्या चिंध्यांत लोळायची म्हणून आईनं हे नाव ठेवलं. उद्या नवरी व्हायची होती तरी चिंधीच.

"आलीस?" ती म्हणाली. "बघ मग. कपाटात बघ."

कपाटात वहिनीचा लग्नातला कोट टांगला होता. दुधाळ रंगाचा, लांब, लोकरी. वहिनीनं स्वतः शिवलेला. उद्या चिंधी तो घालून लग्नाला उभी राहणार होती.

कोटाच्या दोन्ही बाह्यांची तोंडं शिवून टाकली होती. गळाही शिवला होता. बारीक, घट्ट, सारख्या अंतराचे टाके. एखाद्याला आत शिरूच द्यायचं नाही असे.

"तू हे कधी पाहिलंस?"

"आज सकाळी. इस्त्री करायला काढत होते."

"त्याआधी कोट कधी बाहेर काढला होतास?"

"मावशी आली त्या दिवशी. घालून दाखवला तिला. तेव्हा बाह्या उघड्या होत्या. मनगटं जरा उघडी पडत होती, तर मावशी म्हणाली, हातमोजे घाल, कळणार नाही."

"किल्ली कुणाकडे असते?"

चिंधीनं गळ्यातला दोरा ओढला. दोऱ्याला किल्ली होती. "आंघोळीलाही काढत नाही. आत्या, मी वेडी नाहीये. हे टाके बघ आणि हे बघ." तिनं पदराआडून एक चिंध्यांची बाहुली काढली. पोट फाटलेलं, पुन्हा शिवलेलं. "आई डावखुरी होती. तिचे टाके उलट्या अंगाला कलतात. बाहुलीचे बघ. कोटाचे बघ."

आत्यानं चष्मा चढवला. दोन्हीकडचे टाके एकाच हातचे होते. घरात आज कुणीही डावखुरं नव्हतं.

"आणि तो पुतळा," चिंधी हळूच म्हणाली. "तो इतकी वर्षं कपाटाला खेटून उभा होता. दार उघडलं तरी मी तो पुन्हा तिथेच ठेवते. आज तिकडे खिडकीशी गेला. आई इथे आली होती, आत्या. तिनं माझी वाट शिवून टाकली. मी तिच्या मनाविरुद्ध नाही जाणार."

आत्यानं काही समजूत घातली नाही. तिनं कोट काढून मशीनवर आडवा ठेवला. छातीवर आणि कमरेशी दोन आडव्या घड्या पडल्या होत्या, इतक्या पक्क्या की हातानं मोडेनात. गळ्याच्या एका टाक्याला तिनं नख लावलं, तर दोरा वाळक्या काडीसारखा तुटला.

"हात पुढे कर."

"कशाला?"

"फौजदार विचारतो, आरोपी नाही. हात!"

चिंधीनं हात पुढे केला. आत्यानं कोटाची बाही तिच्या खांद्यापासून लावून पाहिली. शिवलेलं तोंड नेमकं मनगटाच्या हाडावर आलं.

"हं," आत्या म्हणाली. मग ती खिडकीपाशी गेली आणि बराच वेळ स्वतःच्या काळ्या कोटाची बाही उजेडात धरून बघत राहिली. बाहीच्या कडेनं बारीक बारीक भोकांची ओळ होती.

भाऊ पुढच्या खोलीत हातावर हात धरून बसला होता. जन्मभर बस चालवलेला माणूस, सुई-दोऱ्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

"दादा, त्या कपाटाला दुसरी किल्ली आहे?"

"नाही. एकच."

"कपाट घेतलं कुठून?"

"दुकानातलं ते. जोडी होती, दोन सारखी कपाटं, एकाच दुकानातून घेतलेली. हिच्यामागे एक मेव्हणीनं नेलं आठवण म्हणून." त्यानं डोळे पुसले. "मला एकच सांग. ती खरंच आली असेल का गं? मी दुसरं लग्न केलं म्हणून रागावली असेल का?"

"इतक्या वर्षांनी जाग आली होय तिला? वहिनी इतकी आळशी नव्हती."

भाऊ रडता रडता हसला.

स्वयंपाकघरात नवी आई उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुत होती.

"पुतळा कुणी हलवला?"

"मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही, वन्सं. ती त्यांची खोली आहे. पण तुमच्या मनात येत असेल की सावत्र आई, तिनंच केलं. मावशी तसं बोलूनही दाखवत होत्या सकाळी."

"माझ्या मनात काय येतं ते माझ्यावर सोड. मावशी आली तेव्हा सामान काय होतं?"

"एक पेटी. ह्यांनी उचलून आत आणली, तर ह्यांना शिंका सुटल्या. ह्यांनी थट्टाही केली, मसाल्याचं दुकान थाटणार का म्हणून. त्या एवढ्या चिडल्या की ह्यांची बोलती बंद." नव्या आईनं नळ बंद केला. "पण त्यांचंही बरोबर आहे. एकट्या जीव. प्रत्येक सुट्टीला चिंधी त्यांच्याकडे. आता ही समुद्रापलीकडे चालली. त्यांना दुसरं आहे कोण?"

मावशी वरच्या खोलीत बसली होती. शाल गुंडाळून, पलंगावर अगदी ताठ. चिंधीचं नाक हिच्यासारखंच होतं, म्हणजे वहिनीसारखं.

"या फौजदारबाई. मला अटक करायला आलात?"

"गप्पा मारायला आले. वहिनी शेवटी कुठे होती? मला नीट आठवत नाही."

"माझ्याकडे. शेवटचे महिने ताई माझ्याकडेच होती. भावोजी बसवर, पोर लहान, बघणार कोण?"

"तेव्हा शिवायची का?"

"सुई सुटली नाही तिच्या हातातून शेवटपर्यंत."

"तुम्हीही शिवता. तिच्यासारखेच टाके घालता?"

"मी उजव्या हातानं शिवते." मावशी हसली, पण डोळे हसले नाहीत. "तिच्यासारखे टाके जगात कुणाला जमायचे नाहीत. ताईला हे लग्न नकोय, फौजदारबाई. मेल्या माणसाचं ऐकावं."

"ऐकणार आहे," आत्या म्हणाली. "खाली चला. पेटीही घेऊन चला."

धुक्यातला उजेड मावळायला लागला होता. शिवणाच्या खोलीत सगळे जमले. पेटी भावानं आणली आणि ठेवता ठेवता पुन्हा शिंकला. चिंधी हातात फोन धरून उभी होती.

"फोन करायचाच असेल तर माझं ऐकून कर," आत्या म्हणाली. "आधी एक सांगते. टाके वहिनीचेच आहेत."

नव्या आईनं तोंडावर हात दाबला.

"पण ते काल परवा घातलेले नाहीत. हा दोरा बघा, बोट लावलं की तुटतो. वहिनीनं जिवंतपणी घातलेले टाके आहेत हे."

"असं कसं?" चिंधी म्हणाली. "मी परवाच घातला होता हा कोट!"

"हा नव्हे. परवाच्या कोटात तुझी मनगटं उघडी पडत होती. याची बाही तुझ्या मनगटावर येते. भूत टाके घालेल एक वेळ, पण लोकर वाढवणार नाही. शिवाय तो कोट वर्षानुवर्षं टांगलेला होता. याला घड्या पडल्यात, पेटीत दाबून ठेवल्यासारख्या. म्हणजे कोट दोन आहेत. एक वहिनीनं स्वतःसाठी शिवला. दुसरा शेवटच्या दिवसांत, बहिणीच्या घरी बसून, कुणासाठी शिवला असेल?"

चिंधीच्या हातातला फोन खाली आला.

"मग बाह्या का शिवल्या?" भावानं विचारलं.

आत्यानं आपली काळी बाही पुढे धरली. "ही भोकं बघ. वहिनी उन्हाळ्यात लोकांचे लोकरी कपडे सांभाळायची. लोकर खाणारी कसर आत शिरू नये म्हणून बाह्यांत लवंगांच्या पुड्या घालायची आणि बाह्या, गळा, सगळी तोंडं शिवून टाकायची. गिऱ्हाइकाला देताना उसवून, इस्त्री करून द्यायची, त्यामुळे कुणाला पत्ता नसायचा. मी एकदा घाईत तसाच कोट उचलून नेला आणि ड्यूटीवर निघताना बाहीत हात अडकला. काय शिव्या घातल्या होत्या मी तिला! तुला हे माहीत नव्हतं, तू बसवर. चिंधी तर एवढीशी होती. हे माहीत असणारं या घरात एकच माणूस आहे, त्या दुकानात बहिणीच्या हाताखाली वाढलेलं. त्याच माणसाकडे जोडीचं कपाट आहे, आणि त्याची किल्ली याला लागते. कपाटाचं दार उघडायला पुतळा त्याच माणसानं सरकवला नि तसाच सोडला, आणि पेटीला लवंगेचा वासही त्याच कोटाचा. आता पेटी तुम्ही उघडता की मी?"

मावशीनं पेटी उघडली. वरच वहिनीचा लग्नातला कोट होता, घाईनं कोंबलेला.

"मावशी?" चिंधी म्हणाली.

"तुझ्यात मला ताई दिसते गं," मावशी म्हणाली. आता तिचा ताठा पार मोडला होता. "तशीच चालतेस, तशीच रागावतेस. तू त्या विमानात बसलीस की ताई दुसऱ्यांदा जाणार. मला नाही सोसवत. वाटलं, तू घाबरशील, थांबशील. एवढंच वाटलं."

"आणि माझ्यावर आळ घेतलात," नवी आई म्हणाली. इतक्या वर्षांत तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. मावशीनं मान खाली घातली.

चिंधी कोटाकडे बघत होती. "आईनं तो माझ्यासाठी शिवला? माझं माप तिला कुठून कळलं?"

"भावोजींच्या हाताचं माप घेतलं होतं तिनं. म्हणाली, पोर बापावर जाणार, उंच होणार. माझ्या कोटात मावायची नाही."

भावानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आईनं मला द्यायला दिलेला कोट तू मला भीती घालायला वापरलास." चिंधी म्हणाली. "आईला माझ्यासमोर वाईट केलंस. आणखी काय दिलं होतं तिनं तुझ्याकडे? खरं सांग."

"वस्तू काही नाही. निरोप होता."

"काय?"

मावशीनं शालीचं टोक मुठीत धरलं. "कोट देताना म्हणाली होती, ही जायला निघेल तेव्हा तू रडशील, मला ठाऊक आहे. रड. पण तिला अडवू नकोस."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत धुक्यातून गेलं. चिंधी रडायला लागली, बाहुली छातीशी धरून, लहान पोरीसारखी. नव्या आईनं तिला जवळ घेतलं आणि पोरीनं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

थोड्या वेळानं चिंधीनं डोळे पुसले. मशीनच्या खणातून आईची कातरी काढली आणि मावशीपुढे धरली.

"मला टाके उसवता येत नाहीत, कापड फाटेल," ती म्हणाली. "तू उसव. मग तू उद्या यायचं की नाही ते ठरवू."

मावशीनं एकेक टाका बेतानं सोडवला, लोकरीला कुठे धक्का लागू दिला नाही. बाहीतून जुन्या, काळ्या पडलेल्या लवंगा जमिनीवर सांडल्या. शेवटचा दोरा निघाला तेव्हा चिंधीनं आत हात घातला, आणि बाही बरोबर मनगटापर्यंत आली.