अकरा नंबरचा घास

पलासियाच्या चौकात सिग्नल सुटला की दुसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्याची काच थरथरते, आणि काच थरथरली की मागच्या खोलीतल्या कपाटातले प्लास्टरचे जबडे खोक्यांमध्ये हलकेच कटकटतात. क्षितिजाला पहिले आठ दिवस ते ऐकून कसंसंच व्हायचं. नवव्या दिवशी तिनं प्रत्येक खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि प्रश्न मिटवला. प्रश्न असेच मिटवायचे असतात, असं तिचं मत होतं.

ती सांगलीची. इंदूरच्या एका डेंटल कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिच्या गाइड डॉ. कुमुदिनी मॅडम यांचा हा दवाखाना, आणि इथलेच वीस पेशंट तिच्या प्रबंधाचे धनी. वीसही जण झोपेत दात खाणारे. अशा माणसासाठी वरच्या दातांवर बसणारी एक पारदर्शक पट्टी बनवतात, तिला नाइट गार्ड म्हणतात. रात्रभर खालचे दात तिच्यावर घासतात आणि खरे दात वाचतात. दहा जणांना जुन्या पद्धतीच्या अ‍ॅक्रिलिकचं गार्ड, दहा जणांना मशीनवर छापलेल्या नव्या रेझिनचं. दर पंधरा दिवसांनी यायचं, गार्डची झीज मोजून घ्यायची. सहा महिने झाले की गार्ड जमा. मग क्षितिजा डायमंडच्या चकतीनं त्याचे काप काढणार आणि मायक्रोस्कोपखाली बघणार. एकतीस जानेवारीला प्रबंध द्यायचा. एकोणीस गार्ड चालणार नव्हते, वीसच हवे होते. एक कमी झालं तर सहा महिन्यांची मुदतवाढ, आणि सांगलीच्या कॉलेजातली लेक्चररची जागा दुसऱ्याच्या घशात.

सहा महिने दर पंधरवड्याला तोंड उघडून बसलेला माणूस फार काळ परका राहत नाही. वरच्या मजल्यावरच्या कोचिंग क्लासमधले फिजिक्सचे सर ‘मी दात खातच नाही, बायको खोटं बोलते’ असं सांगून दर वेळी सगळ्यात जास्त झिजलेलं गार्ड टेबलावर ठेवत. बेटम्याचे एक सोयाबीनचे व्यापारी येताना सात माणसं आणत आणि सातही जण तपासणी बघत. आणि अकरा नंबर, अशोकराव, वीज खात्यातून निवृत्त, जुन्या इंदुरात तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे. ते कधी उशिरा आले नाहीत आणि कधी काही बोलले नाहीत. गार्ड इस्त्रीच्या रुमालात गुंडाळून आणायचे. रुमाल निळ्या काठाचा, बायकी.

नोव्हेंबरच्या तपासणीत क्षितिजानं अकरा नंबर भिंगाखाली धरलं आणि भुवया उंचावल्या.

अशोकरावांची खालची डावी मोठी दाढ बारा वर्षांपूर्वी काढलेली. तिथे नुसती हिरडी. म्हणजे गार्डवर त्या जागी ओरखडादेखील उमटायचं कारण नाही. आणि नेमक्या तिथेच दाढेचा खड्डा होता, चांगला खोल. त्याच्या शेजारी एका लहान दाढेची खूण, तीही सरळ नव्हे. दात बाजूला तोंड करून उभा असावा तशी तिरकी.

तिनं आधी सरळ शंका घेतली. गार्डची अदलाबदल झाली असेल. पण आतल्या बाजूला कोरलेला अकराचा आकडा स्वच्छ दिसत होता. दुसऱ्या कुणी घातलं असेल? शक्य नाही; गार्ड ज्याचं त्याच्याच वरच्या दातांवर बसतं, दुसऱ्याच्या तोंडात तसूभरही सरकत नाही. तिनं फोटो काढला, माप घेतलं, रजिस्टरात ‘पुन्हा पाहणे’ लिहिलं.

पंधरा दिवसांनी खड्डा आणखी खोल होता.

“काकाजी, घरी आणखी कोण असतं?” इंदुरात तीन वर्षं काढल्यावर तिलाही ‘जी’ लागलं होतं.

“मी, आणि शेजारच्या शर्माजींचा टीव्ही,” अशोकराव म्हणाले. “भिंत पातळ आहे ना.”

“झोप कशी लागते?”

ते लाजल्यासारखे हसले. “एकदम सही. इतकी चांगली तर नोकरीत पण नाही लागली कधी.”

त्या दुपारी ती मागच्या खोलीत गेली, गार्डच्या खुणांमध्ये पातळ प्लास्टर ओतलं, आणि सुकल्यावर उचललं. हातात दातांची एक छोटी रांग आली. कुठल्या तरी माणसाचा चावा, उलटा करून पुन्हा दात केलेला.

पंढरीनाथ बाजूच्या टेबलावर कवळीला पॉलिश करत होता. हा दवाखान्याचा टेक्निशियन, तीस वर्षं इथेच. त्याचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते. ‘ते घोड्यांचे दात बघायचे, मी माणसांचे बघतो, खानदानात एवढीच तरक्की झाली,’ असं तो प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगायचा. त्यानं मशीन बंद केलं, चष्मा वर सरकवला, प्लास्टरचा तुकडा बोटांत फिरवला.

“मॅडमजी, ही तर इंदिराबाई आहे.”

“कोण इंदिराबाई?”

“अरे, तुमच्या अकरा नंबरची मिसेस. हा फिरलेला दात बघा ना. याच्या बाजूच्या दाढेची कॅप मी तीन वेळा बनवली, तीन वेळा वापस. बाई बोलायच्या, पंढरी, जामफळ खाल्लं की बी इथेच अडकते, तुझ्या कॅपचा काय फायदा? मी बोललो, मग जामफळ सोडा. तर बोलल्या, दात सोडीन, जामफळ नाही सोडणार.” तो हसला, आणि हसता हसता थांबला. “पण त्यांना जाऊन तर दोन साल झाले.”

त्यानं स्टूल घेतलं, कपाटाच्या वरच्या फळीवरून एक खोकं काढलं. दवाखाना पाच वर्षं साचे टाकत नाही. खोक्यावर त्याच्याच अक्षरात नाव होतं. आतून त्यानं खालचा जबडा उचलला आणि अकरा नंबरच्या गार्डवर ठेवला.

टक.

प्रत्येक दात आपापल्या खड्ड्यात जाऊन बसला. पश्चिमेच्या खिडकीतून डिसेंबरचं पिवळं ऊन येत होतं, त्यात प्लास्टरची धूळ तरंगत होती. वर कोचिंगमध्ये पोरं काही तरी एका सुरात घोकत होती.

“योगायोग असतो,” क्षितिजा म्हणाली.

“असतो ना,” पंढरीनाथ म्हणाला, आणि हात धुवायला गेला. बराच वेळ धूत होता.

तिनं अशोकरावांना सरळ विचारायचं ठरवलं. पण मेलेल्या बायकोच्या दातांबद्दल सरळ कसं विचारतात, हे कुठल्याच वर्षाच्या अभ्यासक्रमात नव्हतं. तिनं विचारलं, “काकाजी, स्वप्नं पडतात?”

“रोज.” ते छताकडे बघत खुर्चीत पडले होते. “एकच पडतं. सराफ्यात असतो मी, रात्रीच्या खाऊगल्लीत. गर्दी नाही, गाड्या नाहीत, सगळा उजेड सकाळसारखा, पण सूर्य नाही कुठे. इंदिरा एका सोनाराच्या पायरीवर बसलेली असते. मी प्लेट आणून देतो. भुट्ट्याचा कीस, तळलेला गराडू कंद, मग जिलेबी. ती खाते. मी पुन्हा आणतो. पुन्हा खाते.”

“बोलत नाहीत काही?”

“तोंडात घास असतो ना. घास तोंडात ठेवून बोललेलं तिला कधी आवडलं नाही.” मग ते म्हणाले, “शेवटचे चार महिने नळी होती तिला, बेटा. तोंडानं काही नाही. मी पोहे आणायचो तर वाटी नाकाशी धरायची आणि वापस करायची. बोलायची, अशोक, चावायला मिळालं पाहिजे फक्त. गिळायचं राहू दे.”

क्षितिजानं त्यांच्या जबड्याचे स्नायू दाबून पाहिले. दगडासारखे टणक. म्हातारा रात्रभर चावत होता. कुणासाठी, एवढाच प्रश्न होता, आणि तो प्रबंधाच्या कक्षेत येत नव्हता.

जानेवारी उजाडला. एकोणीस गार्ड जमा झाले, कापले गेले. फिजिक्सच्या सरांचं गार्ड कापताना ते स्वतः येऊन बघून गेले. अकरा नंबर येईना. फोन केला की अशोकराव ‘उद्या’ म्हणत. सत्तावीस तारखेला ते आले, पण रिकाम्या हातांनी.

“काकाजी, माझं सगळं अडलंय हो. हे एक नसेल तर माझी नोकरी जाईल.”

“कापणार ना तुम्ही?”

“कापावंच लागतं. तुम्हाला नवीन देते की, हुबेहूब तसंच.”

“नवीन माझं असेल,” अशोकराव म्हणाले. “त्यात तिचे दात नाही बसायचे. तुम्ही मला बोलला नाहीत, पण पंढरीनं सांगितलं सगळं.” त्यांनी निळ्या काठाचा रुमाल खिशातून काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली. “एवढंच सांगा, मग ती जेवणार कुठे?”

आता इथे क्षितिजानं जे केलं ते सांगलीतल्या कुठल्याही मुलीनं केलं असतं. दारात आलेल्या माणसाला ‘जेवूनच जा’ म्हणायचं, आणि तो ‘नको नको’ म्हणतो हे आधीच धरून चालायचं; या हिशोबावर आपल्याकडची निम्मी आतिथ्यशीलता उभी आहे. शिवाय तिला गार्ड हवं होतं. ती समजुतीच्या, गोड आवाजात म्हणाली, “इथे पाठवा की त्यांना. माझा डबा रोज अर्धा उरतो.”

अशोकरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच.

“नक्की?”

“नक्की हो, काकाजी.”

“मग सांगतो तिला,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आत गार्ड घेऊन पायऱ्यांवर बसले होते.

तिनं ते अकराच्या सुमाराला कापलं. चकतीवर पाणी सोडलं, गार्ड पकडीत धरलं, डावीकडून सुरुवात केली. अ‍ॅक्रिलिक कापताना एक उग्र, औषधी वास येतो. तो आला नाही. लिंबाचा आला, आणि जिरावणाचा. पोह्यांवर भुरभुरतात त्या मसाल्याचा. खाली ठेल्यावर पोहे होतेच. खिडकी मात्र बंद होती.

एकतीस तारखेला प्रबंध गेला. वीस गार्ड, वीस नोंदी. अकरा नंबरच्या पुढे तिनं ‘अपवादात्मक झीज’ लिहिलं, जे खोटं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस हलके होते, झोपेतून अर्धवट जागं झाल्यावर असतात तसे. काम फारसं उरलं नव्हतं. ऊन कपाटावर यायचं, सरकायचं, जायचं. मेसचा डबा ती मागच्या खोलीत, कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवायची. डबा अळणी, तीन वर्षांत मेसवालीनं मीठ वाढवलं नव्हतं आणि क्षितिजानं ती तक्रार कुणापाशी केली नव्हती, नुसतं अर्ध्यावर झाकण लावायची. फेब्रुवारीत तिच्या लक्षात आलं की संध्याकाळी डबा हलका असतो.

“पंढरीकाका, माझा भात कोण खातं?”

“मॅडमजी, माझी शुगर तुम्हीच तपासता. मी भात खाईन?” तो दुखावला. “आणि खाल्ला असता तर त्या फिक्या भाजीबरोबर नसता खाल्ला भिया, थोडी तरी इज्जत आहे माझी.”

उंदीर असतील, असं ठरलं. उंदीर खाल्ल्यावर झाकण लावून ठेवत नाहीत, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही.

तिसऱ्या आठवड्यात अशोकराव नव्या गार्डच्या तपासणीला आले. क्षितिजानं भिंगाखाली पाहिलं. डाव्या बाजूला, काढलेल्या दाढेच्या जागी, पट्टी नवीन काचेसारखी गुळगुळीत होती. तिला जरा बरं वाटलं. ते स्वतःही टवटवीत दिसत होते. गालांचे स्नायू सैल पडले होते.

“स्वप्न पडतं अजून?”

“नाही. ती एकदाच आली, निरोप घ्यायला. हात धुऊन आली होती.” त्यांनी गार्ड खिशात ठेवलं. आज रुमाल नव्हता. “पायरीवर बसली नाही. उभ्या उभ्याच बोलली, की आता ठीक आहे, तिकडे वेळेवर मिळतं. फक्त मीठ कमी असतं बोलली.”

क्षितिजाच्या हातातलं भिंग तसंच राहिलं.

“तुम्ही इथेच आहात ना अजून?” अशोकरावांनी विचारलं.

“शुक्रवारी निघते. सांगलीचं पत्र आलं.”

“अरे.” त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. “तिला माहीत आहे?”

ते गेल्यावर तिनं भिंग खाली ठेवलं. मग मागच्या खोलीत गेली.

दुपारचे तीन वाजले होते. पंढरीनाथ बँकेत गेला होता. सकाळी चौकातल्या गाडीवरून घेतलेलं एक जामफळ, तिच्या गावच्या भाषेत पेरू, तिनं डब्याच्या झाकणावर ठेवलं होतं. ते तिथेच होतं. अर्धं.

चाव्याची जागा पांढरीशुभ्र होती, अजून काळी पडायला लागली नव्हती. बाजूच्या दातांनी खाल्लेलं. कडेला एक खूण तिरकी.

तिनं माप घेतलं नाही.

स्टूल घेतलं. वरच्या फळीवरचं खोकं उतरवलं. डिसेंबरात जबडा परत ठेवताना तिनं वर्तमानपत्राचे बोळे पुन्हा कोंबले होते, ते तसेच होते, कोरडे, एकही हललेला नाही. तिनं ते एकेक करून बाहेर काढले.

खाली सिग्नल सुटला. काच थरथरली.

जबडा पांढरा होता, थंड होता, जुन्या प्लास्टरचा असावा तसाच होता. तिनं तो उन्हाकडे धरला आणि फिरलेल्या दाताच्या फटीत पाहिलं.

जामफळाची एक बी अडकली होती. ओली.