पश्चिमेची भिंत

"भाऊ, बाजूला हो! माझ्या नकाशात इथे भिंत नाही, काच आहे!"

गिरधरने घण उगारला. पण गिरधरच्या नव्या घराच्या, आदल्याच दिवशी आपल्या हाताने रचलेल्या त्या पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून भटू गवंडी हटूनच उभा राहिला… आईबाप गेल्यावर पाटीदप्तर टाकून ज्याने थापी हाती घेतली आणि धाकट्याला इंजिनिअर केले, त्या थोरल्याच्या काळजात याही क्षणी रागापेक्षा मायाच अधिक होती!

"गिरधर, आयक! काचमाईन मेहरूणना तलाव दिसी, पन वैशाखनं ऊन बी आठूनच घरमा घुसी. घरना बठ्ठा जन भाजी निंघतीन!"

"तू गवंडी आहेस, गवंडीच राहा!"

घण सुटला. विटा फुटल्या… दुसरा घाव पडणार तोच भटू मध्ये शिरला आणि त्याच्या उजव्या खांद्याचे हाड कडकन मोडले! गिरधर पांढराफटक पडला. मजूर धावत आले, तेव्हा वेदना गिळून भटूच म्हणाला, "परांचीवरून पडनू मी."

डॉक्टरांनाही त्याने हेच सांगितले. हात पुन्हा वर गेला नाही, थापी कायमची सुटली. भिंतीच्या जागी काच बसली, घर उभे राहिले, पण वास्तुशांतीचे बोलावणेही आले नाही… लाजेने की गर्वाने, देव जाणे!

काही वर्षांनी, एक्क्याण्णवच्या वैशाखात भरदुपारी धाकटी भावजय कुंदा त्याच्या दारात येऊन कोसळली.

"भाऊ, चला! उन्हाने तान्हीला फेफरं आलं होतं. दवाखान्यात नेली, वाचली… पण हे वेड्यासारखे काचा फोडताहेत. हात रक्तबंबाळ झालेत, कुणाला आवरत नाहीत!"

भटू धावला. काचांच्या खचात गिरधर उभा होता, हातात तोच घण!

"गिरधर!"

घण गळून पडला. धाकटा त्याच्या पायांवर कोसळला. इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडी आईची बोली आली.

"भाऊ… मी तुना हात मोडा, अन् तू माले वाचाडं! माले माफ कर!"

भटूने डाव्या हाताने त्याला उराशी ओढले. दोघांच्याही अश्रूंना खळ राहिली नाही.

"पहिले हातले पट्टी बांध. मंग इटा मांगाड."

जखमा भरल्यावर इंजिनिअरने थापी धरली आणि भटूने डाव्या हाताने ओळंबा. तिसऱ्याच थराला भिंत कलली. गिरधर ओशाळला.

"काढ, परत लाव," भटू त्याच्याजवळ सरकत म्हणाला. "मी आठेच शे."