उजव्या हाताचा रंग

थोरल्या बहिणीने, नम्रताताईने, तेव्हाच सांगितलं होतं. भाकरीचं पीठ मळता मळता, मान वर न करता ती म्हणाली होती, "पूर्णिमा, तो तुझे हात साऱ्या पुण्याला दाखवतो. तोंड मात्र स्वतःच्या आईलाही दाखवत नाही. जरा बघ हं..."

पूर्णिमा तेव्हा बोटं फाकवून, ओठांचा चंबू करून डाव्या हाताच्या नखांवर फुंकर घालत बसली होती. रंग होता हापूस पिवळा; हट्टी, वाळायला बारा मिनिटं घेणारा. ती हसली. म्हणाली, ताई, आयसीयूत ड्यूटी करून करून तुला आता सगळीच माणसं पेशंट दिसायला लागलीत. नर्स असलेल्या नम्रताताईने पीठ झाकून ठेवलं आणि हात धुतले.

तशी गोष्ट सुरू झाली होती सावलीच्या शोधात. मार्च संपत आला होता. पूर्णिमाचं रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेलं, आणि सेट परीक्षेच्या क्लाससाठी ती दर शनिवारी विश्रांतवाडीहून सदाशिव पेठेत यायची. त्या दिवशी सर आलेच नाहीत. बाहेर ऊन असं, की डोक्यावरची ओढणीसुद्धा तापावी. बोळाच्या तोंडाशी बांगड्या, क्लिपा, नेलपेंट असलं सगळं ठेवणारं एक चिंचोळं दुकान होतं. त्याच्या छपराखाली ती नुसती उभी राहिली.

काउंटरमागच्या तरुणाने डावा हात वर केला. पाच नखांना पाच रंग.

"घाबरू नका, आशीर्वाद देत नाहीये," तो म्हणाला. "उन्हाळ्याचे नवे रंग आलेत. अंगठ्यापासून बघा – हापूस, कलिंगड, कैरी, गुलबक्षी... आणि करंगळीच्या रंगाला कंपनीने काहीतरी इंग्रजी नाव दिलंय. मी कोकम सरबत म्हणतो."

हा आमोद. दुकान त्याच्या आईचं, चालवायचा तो. प्लास्टिकच्या खोट्या नखांवर रंगही खोटाच दिसतो आणि बायका बाटल्या उघडून उघडून वाळवतात, म्हणून दर सीझनला तो स्वतःचीच नखं रंगवायचा. गल्लीतली पोरं हसायची. त्याला त्याचं काही नव्हतं.

पूर्णिमा वाकून बघायला लागली. प्रयोगशाळेत परीक्षानळी बघावी तसं. "दुसरा कोट कडेपर्यंत गेलेला नाही," ती म्हणाली. "आणि कैरीच्या खाली बेस लावलेला नाही. नख पिवळं पडणार."

"पाच वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्या नखांना नावं ठेवली."

"पाच वर्षांत पहिल्यांदा कुणी नीट बघितली असतील."

तो हसला. आवाज न करता, नुसत्या खांद्यांनी. तिने कैरीची बाटली घेतली. निघताना तो म्हणाला, वापरून कसा वाटला ते सांगा, पण खरंखरं. असं दुकानदार म्हणतातच. पण पूर्णिमाला कुणी खरंखरं सांगा म्हटलं, की ती सांगायचीच.

पुढच्या शनिवारी तिने अहवाल दिला. पहिल्या दिवशी झकास. दुसऱ्या दिवशी भांडी घासली, तर्जनीचं टोक गेलं. तिसऱ्या दिवशी थालीपीठ थापलं; थालीपीठ हिरवं झालं नाही, एवढाच काय तो चांगुलपणा. आमोद ऐकतच राहिला. मग म्हणाला, हेच, असंच मोबाइलसमोर बोलाल का?

असं दुकानाचं ते पेज सुरू झालं. विश्रांतवाडीच्या फ्लॅटची उत्तरेची खिडकी, सकाळचे दहा, पांढरा टॉवेल आणि तिचे दोन हात. प्रत्येक रंगाची परीक्षा तीन दिवसांची – भांडी, पीठ, आणि स्कूटरच्या हँडलवरचा घाम. मगच निकाल. "हा बाटलीत जांभूळ आहे, नखावर वांगं," असं ती गंभीर आवाजात सांगायची. "हा लावून लग्नाला जाऊ नका, नवरीला राग येईल." बायका ते एकमेकींना पाठवायला लागल्या. तिकडे आमोद तेच रंग आपल्या नखांवर दुकानाच्या शटरला घासून बघायचा, आणि शनिवारी चार वाजता क्लास सुटला की काउंटरच्या काचेवर दोघांचे हात शेजारी शेजारी... कुणाचा टिकला, कुणाचा उडाला.

चेहरा नको, हे आमोदचंच म्हणणं. चेहरा आला की लोक चेहरा बघतात, रंग बघत नाहीत. पूर्णिमाला ते पटलं होतं. पटण्यासारखंच होतं ते. आणि पाच वाजता त्याची आई दुकानात यायची, तर पावणेपाचला त्याला हटकून पूर्णिमाला बसस्टॉपपर्यंत सोडायचं सुचायचं, हेही तिला तेव्हा गोडच वाटलं होतं.

श्रावणात हिरवे रंग आले. पोपटी, शेवाळी, मोरपिशी. उन्हातच पाऊस पडत होता, काचेवर थेंब आणि थेंबात ऊन. दुकानात कुणी नव्हतं. पूर्णिमाने विचारलं, डावा हात एवढा नटवता, उजव्याने काय घोडं मारलंय?

"उजव्याला लावायचं तर डाव्या हाताने लावायला लागतं," तो म्हणाला. "लहान मुलाने भिंत रंगवल्यासारखं दिसतं."

"आणा इकडे."

त्याने हात काचेवर ठेवला. तिने त्याचा अंगठा धरला – सगळ्या बोटांत अंगठा धरायला सोपा, आणि सोडायला अवघड. पहिला पट्टा मधोमध. मग डावीकडे. मग...

"हलू नका."

"मी कुठे हलतोय? बाटली हलतेय."

"बाटली माझ्या हातात आहे."

"तेच म्हणतोय मी..."

तिने मान खाली घातली. कानांच्या पाळ्या गरम झालेल्या तिला कळत होत्या. तो हळूच म्हणाला, "पूर्णिमा, हे अहो-जाहो सोडायचं का आता?"

"करंगळी वाळू दे," ती म्हणाली, "मग सांगते."

पाऊस थांबेपर्यंत दोघांपैकी कुणीच हात उचलला नाही. नंतर त्याने उजवा हात खिशात घातला. का, ते तिने विचारलं. आई म्हणेल, स्वतःच्या उजव्या हाताला कुणाला एवढं सुबक लावता येत नाही, हे कुणी लावलं? सांगेन तिला, तो म्हणाला. वेळ बघून.

ती कोण, कुठली, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. तिच्या घरी व्हिडिओ कॉल लागला तेव्हा हॉलमधली बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर त्याने पाहिली होती, आणि अगदी मनापासून म्हणाला होता, "माझ्यासाठी काही फरक पडत नाही गं." त्या वाक्यातला 'माझ्यासाठी' पूर्णिमाला फार उशिरा ऐकू आला.

गणपती झाले आणि तिने घरी सांगून टाकलं. बाबा पोस्टातून रिटायर झालेले. त्यांनी पेपरची घडी घातली, ती दोनदा सरळ केली. म्हणाले, "त्याने दिवाळीआधी घरी येऊन बोलावं. मी नाही म्हणणार नाही. पण मुलीने झाकून राहावं, असं आपण काही केलेलं नाही."

तिने ते आमोदला जसंच्या तसं सांगितलं. तो एकदम म्हणाला, शनिवारी पाचला थांब. आई येईल. तुझ्यासमोर सांगतो.

त्या शनिवारी दिवाळीचा नवा खोका आला होता. झेंडूचा भडक केशरी. तिने स्वतःला लावला, आणि साडेचारला त्याने आपण होऊन उजवा हात पुढे केला. "लाव. आज खिशात घालायचा नाही." आनंदाने तिचा ब्रश दोनदा कडेबाहेर गेला.

आमोदची आई, वासंतीबाई, आल्या त्या पाचला दोन मिनिटं कमी असताना. बारीक अंगाच्या, शाळेतून रिटायर झालेल्या, चष्मा दोरीने गळ्यात. दारातूनच म्हणाल्या, "दुकान चालू आहे, की हळदीकुंकू?" मग त्यांची नजर काचेवर गेली आणि त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"थांबा. हे हात मी ओळखते. अनामिकेवर तीळ. कैरीचा व्हिडिओ."

त्यांनी पूर्णिमाचे हात हातात घेतले. खरंच घेतले, दोन्ही. एकही व्हिडिओ चुकवलेला नाही, म्हणाल्या. याला म्हणते, बाबा रे, इतक्या नीटनेटक्या हातांची मुलगी घरात आली तर मी दुकान सोडून काशीला जायला मोकळी. मग तोंडाकडे बघून त्या हसल्या. "गोड तर आहेस. चेहरा कशाला लपवतेस? नाव काय तुझं, बाळ?"

"पूर्णिमा."

"आडनाव?"

पूर्णिमाने आमोदकडे पाहिलं. हे वाक्य त्याचं होतं. तो खणात काहीतरी शोधत होता. तिने वाट पाहिली. बाहेर एक स्कूटर चालू होईना, कुणीतरी किका मारत होतं. चार मारल्या, पाच मारल्या, सहावीला चालू होऊन ती निघूनही गेली.

"ओव्हाळ," ती स्वतःच म्हणाली. "विश्रांतवाडीला असतो आम्ही."

वासंतीबाईंनी हात झटकले नाहीत. त्या तसल्या नव्हत्या. त्यांनी पूर्णिमाचे हात हलकेच काचेवर ठेवले – दाखवायला काढलेली वस्तू जागच्या जागी ठेवावी तसे. "असं होय," त्या म्हणाल्या. "छान. शिकलेल्या दिसता." आणि मुलाकडे वळून, "आमोद, यांचं काय काम होतं?"

तेवढ्यात तो वास आला. एम.एस्सी.ची दोन वर्षं ज्यात काढली तो वास पूर्णिमाला झोपेतही ओळखू आला असता. रिमूव्हर. काउंटरच्या खाली, आईला दिसणार नाही असा, तो कापसाने उजवा हात पुसत होता. तिने नुकत्याच रंगवलेल्या नखांवरून, घाईघाईने, एकेक करून.

"आपल्या पेजचे व्हिडिओ करतात या, आई," तो म्हणाला. "दिवाळीचे रंग न्यायला आल्यात." आणि उजव्या हाताने त्याने बाटल्यांची पिशवी पुढे केली.

पूर्णिमाने पिशवी घेतली नाही. त्याच्या हाताकडे बघून ती म्हणाली, "नीट पुसा. कडेला राहिलंय."

तो बसस्टॉपपर्यंत धावत आला. धापा टाकत म्हणाला, आईला बीपी आहे. दिवाळी होऊन जाऊ दे. मी काय नाही म्हणालो का?

"नाही," ती म्हणाली. "तू काहीच म्हणाला नाहीस."

"पूर्णिमा, थोडा वेळ..."

"हात खिशात आहे तुझा, आमोद."

त्याने खाली पाहिलं. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, तेव्हाही, बस समोर येऊन उभी असतानाही, त्याने तो हात बाहेर काढून तिचा धरला असता तर ती थांबली असती. त्याने काढला नाही. बस सुटली. बाबा रोज संध्याकाळी दाराच्या बाजूच्या खुर्चीत बसायचे, ते दिवाळीनंतर आतल्या खुर्चीत बसायला लागले, एवढंच.

याला आता सहा वर्षं झाली. पूर्णिमा पुण्याच्या कडेला, मांजरी गावात राहते, नव्या सोसायटीत. खिडकीतून उरलासुरला ऊस दिसतो. ज्युनिअर कॉलेजात शिकवते. नवरा राकेश, तिला 'ही माझी बायको' म्हणून जिथे तिथे, अगदी भाजीवाल्यालाही ओळख करून देणारा माणूस. अडीच वर्षांची स्वराली आहे. ती जिन्यात दिसेनाशी झाली की पूर्णिमा अनवाणीच खाली धावते. सुखात आहे ती. पण त्या पेजवरून ती अजून बाहेर पडलेली नाही. का, ते तिने स्वतःलाही विचारलेलं नाही.

मागच्या वर्षी त्या पेजवर नवे हात आले. कोवळे, एकोणीस-वीसचे. उजव्या अंगठ्याखाली तांदळाएवढा भाजल्याचा डाग. चेहरा नाही. मुलगी बाहेरगावची असावी. "लई भारी कलर हाय" म्हणून जाते आणि मग घाईने "आहे" म्हणते, आणि कॅमेऱ्यामागे कुणीतरी पुरुष हसतो. पूर्णिमाला त्या हसण्याचा आवाज येत नाही. खांदे हलल्याने मोबाइल हलतो, तेवढ्यावरून कळतं.

या उन्हाळ्यापासून मोबाइल हलायचा थांबला. रंग कडेबाहेर जायला लागले. शेवटच्या व्हिडिओत मुलगी जांभळा रंग लावता लावता मध्येच थांबते. "हा कलर... वाळतच नाही," एवढं म्हणते, आणि व्हिडिओ तुटतो. त्याला आज तेवीस दिवस झाले. पूर्णिमाने चार मेसेज पाठवले, एकही उघडलेला नाही. शेवटी स्वरालीला कडेवर घेऊन ती त्या बोळात जाऊन आली. आमोद नव्हता. काउंटरवर वासंतीबाई होत्या. त्यांनी तिला ओळखलं नाही, किंवा ओळखलं. व्हिडिओ करते ती मुलगी कुठे असते, असं विचारलं, तर म्हणाल्या, "कोण मुलगी? आमच्याकडे कुणी मुलगी नाही."

तिचं नाव पूर्णिमाला माहीत नाही. पण तुम्हाला असेल. पेठेतल्या एखाद्या कॉट बेसिसच्या खोलीत ती तुमच्या शेजारच्या कॉटवर असेल, लायब्ररीत समोर बसत असेल, डबा एकाच मावशींकडून येत असेल. उजव्या अंगठ्याखाली डाग आहे, तांदळाएवढा. फोन करू नका, जाऊन बघा. आजच जा. जेवलीस का विचारा. आणि "काही नाही, बरी आहे" असं ती म्हणाली, तरी लगेच उठू नका.