काळी पाचला थांबणारं कीर्तन

या, पोरांनो, सरकून बसा. मागच्यांनी पुढं या. रोज एकाच जागी मुकं होणाऱ्या एका कीर्तनाची गोष्ट सांगतो. भीती वाटली तर शेजारच्याचा हात धरा, पण कान झाकू नका. या गोष्टीत सगळं काम कानांचंच आहे.

साल दोन हजार अठ्ठेचाळीस. कुरुंदवाडला अकरा वर्षांची इरावती राहायची. तिचे पणजोबा नरहरीबुवा मोठे कीर्तनकार. ते जाऊन अडतीस वर्षं झाली होती. त्यांच्या शेवटच्या कीर्तनाची एक बुरसटलेली टेप ट्रंकेत सापडली. इराच्या आईनं ती घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. कॉम्प्युटर आवाज स्वच्छ करायचा आणि जुन्या फोटोंवरून बुवांचं हलतं-बोलतं चित्र पडद्यावर उभं करायचा. बुवा कथा सांगू लागले की तिचे प्रसंगही काढायचा.

बुवा बोलणार म्हटल्यावर कॉम्प्युटर ठेवायचा कुठं? देवघरात! आईनं त्यावर बुवांचा जरीचा शेला पांघरला आणि शेजारी धूप लावला.

पूर्वरंग (कीर्तनातला उपदेशाचा पहिला भाग) छान चालायचा. पण बुक्का लावून झाला, बुवांनी उत्तररंगातली (कथा सांगायच्या दुसऱ्या भागातली) पहिली ओळ उचलली, की शेल्याखालून कुणीतरी आलाप घ्यायचं. हूंऽऽऽ. बारीक, चढत जाणारा. मग बुवांच्या चेहऱ्याचे हिरवे-जांभळे चौकोन व्हायचे. एक डोळा घसरून छातीवर यायचा आणि तिथून बघत राहायचा. ओठ हलत राहायचे. आणि फट्‌दिशी काळोख. भर दुपारी!

एके दिवशी हे बघायला तात्या सखदेव आले होते. वय ब्याऐंशी. सव्वीस वर्षं त्यांनी बुवांना पेटीची (हार्मोनियमची) साथ केली होती; तीच पेटी घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी ते मुलाकडे जबलपूरला कायमचे निघणार होते. त्यांच्यासमोरही बुवा तिथंच थांबले.

"बुवांना पुढं सांगायचंच नसेल," आई पुटपुटली. तिनं शेला आणखी नीट खोचला आणि धुपाटण्यात चिमूटभर धूप वाढवला.

"मला कळलं," तात्या म्हणाले. "या कीर्तनाला मी नव्हतो. बायको मिरजेला दवाखान्यात होती. न सांगताच गेलो होतो. बुवा रागावलेत माझ्यावर. म्हणूनच उत्तररंग सांगत नाहीत."

इराच्या पायाला शेल्याखालून ऊन वाफारा लागला. कुणी श्वास सोडावा तसा. तिच्या अंगावर काटा आला, पण तात्यांचे भरलेले डोळे बघून तिला राहवेना.

"तात्या, तो आलाप बुवांचा होता का?"

तात्या चपापले. डोळे मिटून त्यांनी सूर आठवला. "नाही गं. बुवांची पट्टी (गायचा मूळ सूर) पेटीवरची पांढरी चार. हा काळी दोनला सुरू झाला आणि चढत चढत काळी पाचला संपला. मधे श्वास नाही. माणूस असा गात नाही."

"मग पंखा असेल!" इरा ओरडली. "चित्रं काढायला आत वेगळं ग्राफिक्स कार्ड (चित्रांचं गणित करणारी पाटी) असतं. काम वाढलं की ते तापतं. तापलं की त्याचा पंखा जोरात फिरतो. जोरात फिरला की सूर चढतो!"

"पण उत्तररंगालाच का?" आईनं विचारलं.

"पूर्वरंगात एकटे बुवा उभे असतात. उत्तररंगात काय आहे?"

"या पूर्वरंगाला बुवा नावाड्याचंच आख्यान लावायचे," तात्या म्हणाले. "महापूर, होड्या, अख्खं गाव."

"बघा! प्रत्येक लाट काढायची, प्रत्येक माणूस काढायचा. कार्ड फार तापलं की आधी चित्रं चुकतात, मग जळू नये म्हणून कॉम्प्युटर स्वतःच बंद होतो."

"तात्या, पेटीच्या भात्याची भोकं हातानं झाकली तर?" इरानंच पुढं विचारलं.

"हवाच जाणार नाही. पेटी गुदमरेल."

तिघांनी एकदम शेल्याकडं पाहिलं.

आईनं तो हळूच उचलून कपाळाला लावला. यंत्र निवल्यावर पुन्हा सुरू केलं. पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा आधी भराभर शहाण्णवपर्यंत जायचा, आता जरा सावकाश चढला. कीर्तन दोन ओळी पुढं सरकलं. पण पुन्हा हूंऽऽऽ आणि काळोख.

"शेला एक कारण होतं. एकच नव्हतं," इरा म्हणाली.

आईनं वायर काढली, अर्धा तास थांबून झाकण उघडलं. आत हीटसिंक (उष्णता हवेला देणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या) दिसायला हवा होता. दिसलं काळं, चिकट पुट. धुपाचा वास असलेलं.

"अगंबाई," आई खाली बसली. "यंत्र बंद पडलं की मी धूप वाढवायची. आणि धुपानंच..."

"भक्तीनं केलंस, पोरी," तात्या म्हणाले. "पण देवालासुद्धा धाप लागली असती." त्यांनी पेटीतून सुरांच्या पट्ट्यांवरची धूळ झाडायचा मऊ ब्रश काढला. इरानं पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवलं, आईनं काजळी झाडली, एकेक पट्टी मोकळी केली. कॉम्प्युटर बाहेर उघड्या माजघरात आणला.

पूर्वरंग झाला. बुक्का झाला. महापूर आला, होड्या आल्या, अख्खं गाव आलं. आकडा एकाहत्तरवर थांबला. आणि बुवा थांबले.

इरानं कान टवकारले. आलाप नव्हता.

पडद्यावरच्या बुवांनी उजवीकडं पाहिलं. थेट तात्या बसले होते तिकडं.

"आत्ताच कळलं, आमचे तात्या मिरजेला आहेत," बुवा म्हणाले. "घरी आजारपण आहे त्यांच्या. सगळ्यांनी त्यांच्यासाठी एकदा नाम घ्या. आणि पेटीची जागा मी मोकळी सोडतो. ती त्यांचीच."

अडतीस वर्षांपूर्वीचा जमाव नाम घेऊ लागला. मग टेपवर नुसती शांतता. तात्यांनी भाता उघडला आणि त्या मोकळ्या जागेत आपला सूर ठेवला. बुवांनी मान डोलावली आणि पुढची ओळ उचलली. खाली पंखा काळी दोनवर स्थिर घुमत होता.

इरा आता शेतातले पंप आणि गिरण्या यांचे सूर लिहून ठेवते. यंत्र बिघडण्याआधी त्याचं दुखणं ऐकणारा कान तिला बनवायचाय. बनवेलही.

तुमच्या घरातलं एखादं यंत्र चढ्या सुरात गाऊ लागलं तर पळू नका. मोठ्यांना हाक मारा, त्याचा श्वास कुठं अडलाय ते बघा. आणि ते निवेपर्यंत, बाळांनो, आमच्या तात्यांसाठी एकदा नाम घ्या.