एंजेलाच्या बाळाचं वजन

दोष थॉमस मास्तरांचा. जोशुआच्या सख्ख्या बापाचा. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर गोष्ट संपल्यावर तुम्ही सगळं भुताच्या नावावर टाकाल. आराधना, मोबाईल ठेव खाली. पोरांना असलं सांगू नये म्हणतात आपल्या घरचे म्हातारे. झोपलेत ते. खरं तर त्यांनीच ऐकायला पाहिजे होतं.

गेल्या डिसेंबरातली अठरा तारीख, गुरुवार. रात्रीचे नऊ. जोशुआची मुलगी सातव्या महिन्यातच झालेली, त्या दिवशी सव्वीस दिवसांची. संगमनेरच्या एका दवाखान्यात, काचेच्या पेटीत. त्याची बायको एंजेला टाक्यांमुळं घरी. ती दूध काढून द्यायची आणि जोशुआ ते बर्फाच्या डब्यात घालून रोज रात्री बावीस किलोमीटर न्यायचा. त्या रात्री मी गाडीवर मागं बसलो होतो, डबा मांडीवर घेऊन.

जोशुआ डेअरीवर दुधाची फॅट काढतो. बारावी आम्ही दोघांनी एकदमच सोडली. म्हणून बाळाच्या भरतीच्या कागदावर मास्तरांनी पालक म्हणून स्वतःची सही ठोकली होती. "इंग्रजीत आहे ते. तुला काय कळणार?" जोशुआनं करू दिली सही. मीपण.

आम्ही निघालो तेव्हा मास्तर ओट्यावर होते. आमच्याकडं न बघता म्हणाले, "सावकाश जा."

"काल अकराशे बारा ग्राम हुती," जोशुआ वाऱ्यात ओरडून सांगत होता. "आज वाढणारच!"

"फॅट किती लागली?"

"गप ए भाड्या." हसत होता. "दीड किलोची झाली की घरी सोडणार हायेत. मंग तुझ्याच अंगावर मुतायला बसवतो तिला."

रात्री बाळांची वजनं घेतली की दिपाली सिस्टर त्याला फोन करायची. नियम नव्हता, पण करायची. नऊ पस्तीसला फोन वाजला. उसाचा ट्रॅक्टर पुढं जाऊ दिला, गाडी कडेला घेतली, स्पीकर लावला.

"एंजेलाचं बाळ?"

"व्हय, सिस्टर."

"अकराशे चाळीस."

जोशुआनं मागं वळून माझ्या खांद्यावर असा गुद्दा घातला की डबा पडता पडता राहिला.

पाच मिनिटांनी परत फोन. तोच आवाज.

"एंजेलाचं बाळ? नऊशे."

"सिस्टर, आत्ता तर तुमी..."

कट.

"काटा बिघडलाय," जोशुआ म्हणाला. "झिरोवर घेतला नसंल. आमच्याकडं बी हुतं असं."

गाडी मात्र त्यानं पळवायला सुरुवात केली.

तिसरा फोन. "सहाशे दहा."

त्यानं गाडी अजून पिळली. मी डबा छातीशी धरला. दोन्ही बाजूंना ऊस. थंडी.

चौथ्या वेळी त्यानं फोन खिशातून काढून मागं माझ्या हातात दिला.

"एंजेलाचं बाळ?"

मी फोन कानापासून लांब धरला.

"दोनशे."

फोनमध्ये मागं मशीनची टिकटिक. मग ती पण...

प्रवरेच्या पुलावर पाचवा. मी उचलला नाही. शप्पथ, बोट लावलं नाही. आपोआप सुरू झाला.

"वजन येत नाही."

मग श्वास. एवढासा. एक...

अजून एक...

मग नाही.

दिपाली सिस्टर काउंटरवर होती. आम्हाला बघून उभीच राहिली.

"तुम्ही कसे काय? बाळाला तर दुपारीच आजोबा घेऊन गेले."

"आत्ता फोन केला तुमी. पाच वेळा."

"मी? मी कशाला..." ती जोशुआच्या तोंडाकडं बघत राहिली. "तुम्हाला सांगितलं नाही?"

तिनं कागद दाखवला. मी बोट ठेवून ठेवून वाचला. डोळ्याच्या पडद्याला त्रास. लेझर करावं लागेल. तरी नजर अधू राहू शकते. ऑक्सिजन काढल्यास जिवाला धोका, नातेवाइकांना समजावून सांगितलं आहे. स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत. खाली मास्तरांची वळणदार सही. वेळ दोन दहा.

इंग्रजीत होतं. मला सगळं कळलं.

साडेअकराला परत आलो. मास्तर ओट्यावरच.

"आंधळी पोर जन्मभर कोण बघणार होतं? तू?" म्हणाले. "रस्त्यातच गेली. माती दिली मी."

"मला दूध घिऊन जाऊ दिलं तुमी," जोशुआ म्हणाला.

"एंजेला दारात होती. तिच्यादेखत कसं सांगणार?"

जोशुआनं त्यांना हात लावला नाही. त्याच्या जागी मी असतो तर लावला असता.

आम्ही चर्चमागं कबरस्तानात गेलो. बॅटरी मारली. गवतावर, दगडांवर, क्रुसांवर, सगळीकडं दव. चपला भिजल्या. कोपऱ्यात हातभर ताजी माती. तिच्यावर दव नव्हतं. जोशुआ गुडघ्यावर बसला, तळहात ठेवला. मग माझा हात ओढून तिथं ठेवला.

कोमट. तापल्यासारखी नाही. अंगाएवढी.

पूर्ण जानेवारी मी पहाटे जाऊन बघत होतो. सगळं कबरस्तान ओलं. तेवढी जागा कोरडी.

एंजेलानं जोशुआला एकच विचारलं, सही त्यांना का करू दिलीस. फेब्रुवारीत ती कर्जतला माहेरी गेली, ती परत आली नाही. त्याची मुलगी गेली, बायको गेली, आणि आता तो डेअरीच्या मागच्या खोलीत एकटा राहतो.