मेणात बुडवण्याआधी

पहिल्याच भेटीत त्यानं तिच्या पेडलवर पाय दिला.

तसा त्यात त्याचा फारसा दोष नव्हता. स्टुडिओच्या इमारतीतली लिफ्ट उघडली आणि तो पाठमोरा, एक भलामोठा स्पीकर ओढत बाहेर आला. तिनं आपला गिटारच्या पेडलांचा बोर्ड नेमका दारासमोर टेकवला होता. खट्कन आवाज झाला. त्यानं आधी मागे पाहिलं, मग पायाखाली पाहिलं, आणि त्याचा चेहरा पार उतरला.

"सॉरी... सॉरी हं, मॅडम. मोडलं नाही ना काही?"

"पाय द्यायलाच असतात ते," ती म्हणाली.

हे तिनं इतकं कोरडेपणानं सांगितलं, की हा विनोद की टोमणा ते त्याला कळेना. खरं सांगायचं तर तिलाही नक्की माहीत नव्हतं. तो खाली बसला, बोर्डावरची धूळ बाहीनं पुसली, आणि पुसता पुसता थांबला.

"कॉम्प्रेसर सगळ्यात शेवटी?"

"हो."

"लोक आधी लावतात."

"लोक काय, पुष्कळ काही करतात."

तो हसला. हसताना त्याचा उजवा डोळा डाव्यापेक्षा जरा जास्तच मिटायचा. तिनं ते पाहिलं, आणि पाहिलंच नाही असा चेहरा केला. असा चेहरा करण्यात तिचा हात कोणी धरू शकलं नसतं.

ती गिटार वाजवायची. बँड तिच्या दादाचा होता. दादा ड्रम वाजवायचा, आणि आत्या म्हणायची की वाजवत नाही, बडवतो. बहीणभाऊ आत्याकडेच राहायचे, त्यामुळे तिला तसं म्हणायचा हक्क होता. दादाच्या या बहिणीला बँडमधली पोरं 'इस्त्री' म्हणत. कारण तो कॉम्प्रेसर. गिटारचा मोठा आवाज दाबायचा, बारीक आवाज उचलायचा, आणि सगळं एका पातळीत आणून सोडायचं, एवढंच त्या डबीचं काम. बाकीचे ती सुरुवातीला लावतात, चवीपुरती. हिनं शेवटी लावली होती, आणि बटण जवळजवळ पूर्ण फिरवून ठेवलं होतं. डिस्टॉर्शननं आवाज फाडावा, डीलेनं त्याचे प्रतिध्वनी काढावेत, आणि मग झाडून सगळं इस्त्रीखाली जावं. सुरकुती म्हणून राहायची नाही.

स्वभावही तोच. परीक्षेत पहिली आली तेव्हा 'बरं' म्हणाली होती, आणि लग्नाचं ठरत आलेलं मोडलं तेव्हाही 'बरं'च म्हणाली होती. आत्याला या 'बरं'ची धास्ती वाटायची.

जे काही सांगायचं असे, ते ती गिटारला सांगे. ही सवय अगदी लहानपणची. सूर जुळवताना मान खाली घालायची, कान गिटारच्या लाकडाजवळ न्यायचा आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायचं. गिटार जुनी होती, आत्याच्या नवऱ्याची. ती ऐकून घ्यायची आणि कोणाला सांगायची नाही. निदान तोपर्यंत तरी तसंच वाटत होतं.

*

बँडचा पहिला अल्बम होता. रेकॉर्डिंगला सगळे बसले तेव्हा काचेपलीकडे, बटणांच्या टेबलामागे तोच दिसला. स्टुडिओचा नवा साउंडवाला.

"या, मॅडम," तो माइकमधून म्हणाला. "आज मी खाली बघून चालतोय."

टेक चालू असताना एसी बंद ठेवावा लागायचा, नाहीतर त्याची घरघर गाण्यात यायची. खोलीचा अगदी तंदूर व्हायचा. एक टेक झाला की तो दार उघडून आत यायचा, माइक इंचभर इकडचा तिकडे करायचा, आणि जाताना पुठ्ठ्याचा एक तुकडा तिच्या मांडीवर ठेवून जायचा. वारा घ्यायला. ड्रमवर घामाघूम झालेल्या दादाला मात्र असा पुठ्ठा कधी मिळाला नाही.

"तो कॉम्प्रेसर आधी लावून एकदा बघ ना," तो रोज म्हणायचा. 'मॅडम' आणि 'तुम्ही' दोन्ही एव्हाना गळून पडले होते.

"नाही."

"शेवटी ठेवलास की सगळीच खरखर वर येते. तू थांबलीस, की तो शांततेतसुद्धा काहीतरी शोधून मोठं करतो. तुझी खुर्ची करकरली तरी मला इकडे ऐकू येतं."

"मग मी हलत नाही."

"श्वासाचं काय करशील?"

"तोही घेत नाही."

"घे बाई, घे," तो म्हणाला. "अल्बम पूर्ण व्हायचाय."

ती हसली नाही. फक्त पुठ्ठ्यानं वारा घेतला, जरा जास्त वेळ. तो मात्र काचेपलीकडे केबल गुंडाळत हसत राहिला. केबल गुंडाळायची त्याची एक तऱ्हा होती. एक वेढा सुलट, एक उलट, म्हणजे पुढच्या वेळी गुंता होत नाही. ती ते बघायची. इतकं बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

मग एका दुपारी, पोरं चहाला निघाली असताना दादा बोलून गेला, "हा अल्बम झाला की हा पठ्ठ्या जहाजावर चाललाय. प्रवासी जहाज असतं ना, त्यावर रोज वाद्यवृंद असतो, तिथला साउंड. एक वर्ष! आपल्याला दुसरा माणूस शोधायला हवा."

"बरं," ती म्हणाली.

"तू येतेस चहाला?"

"सूर जुळवते."

दार बंद झालं. काचेपलीकडची खुर्ची रिकामी दिसत होती. तिनं कानांवरचे हेडफोन काढून खुंटीला लावले, मान खाली घातली, आणि तारांवर ओठ टेकतील इतक्या जवळून म्हणाली, "हा गेला की मला करमायचं नाही बघ."

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं. तिनं सूर जुळवले आणि ती चहाला गेली.

*

दुसऱ्या दिवसापासून तो बदलला. पुठ्ठा यायचा, पण दादाच्या हातून. माइक सरकवताना तो तिच्याकडे बघायचा नाही. कॉम्प्रेसरबद्दल तर चकार शब्द काढला नाही. 'ठीक', 'परत एकदा', 'झालं', एवढंच काय ते बोलणं. तिला वाटलं, निघायचं जवळ आलं म्हणून यानं आतापासूनच गाशा गुंडाळायला घेतलाय. वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. ती गिटारशीसुद्धा बोलली नाही.

शेवटचं गाणं रेकॉर्ड झालं. पोरांनी आरडाओरडा केला, दादानं त्याला मिठी मारली. सगळे सामान घेऊन खाली गेल्यावर तो तिच्या खोलीत आला, आणि तिच्यापासून दूर, दाराजवळच उभा राहिला.

"तुला एक सांगायचंय. तुझ्या गिटारबद्दल."

"सांग."

"तिचा पिकअप... म्हणजे तारांखालची ती चुंबकाची पट्टी. आत बारीक तारेचे हजारो वेढे असतात. ते सैल झालेत. मेणात बुडवून घट्ट करायला हवेत."

"नाही केले तर?"

"सैल वेढे नुसत्या तारांचाच आवाज घेत नाहीत." त्यानं मान खाजवली. "जवळ बोललेलंही घेतात. माइकसारखं."

तिला सूर जुळवतानाची ती दुपार आठवली. मग तिच्या मानेपासून कानांपर्यंत रक्त चढत गेलं, आणि या वेळी कुठलीच इस्त्री कामाला आली नाही.

"त्या दिवशी खुर्ची रिकामी होती," ती म्हणाली.

"मी टेबलाखाली होतो. वायर जोडत. हेडफोन कानावर होते."

"किती ऐकलंस?"

"सगळं. आणि..." तो घुटमळला. "तीनदा. तुझा डीले चालू होता."

"तीनदा!"

"एरवी प्रतिध्वनी विरत जातात. पण कॉम्प्रेसर शेवटी होता ना, त्यानं तिन्ही वेळा सारखंच खणखणीत केलं. तो आधी लाव म्हणून मी रोज सांगत होतो."

गिटार मोडून टाकावी, की याचं डोकं फोडावं, की दोन्ही करावं, हे तिला ठरवता येईना. "ऐकलंस, आणि इतके दिवस बोलला नाहीस? उलट तोंड फिरवलंस!"

"तू मला कुठे सांगितलं होतंस? तू गिटारला सांगितलं होतंस. मी मधेच चोरून ऐकल्यासारखं झालं. मग तुझ्याकडे बघायचं तरी कुठल्या तोंडानं? रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं, ते मी पुसलं. तुझ्या देखत पुसायला हवं होतं, पण मग तुला ऐकवावं लागलं असतं."

तिनं गिटार पिशवीत घातली. माणूस भला निघाला की भांडणाची मोठी पंचाईत होते.

"आणि जहाज?" तिनं विचारलं, गिटारच्या पिशवीची चेन लावत.

"दादाला सांगितलं खरं, पण अजून हो म्हटलेलं नाही. उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"का नाही म्हटलंस?"

"चोरून ऐकलेल्या गोष्टीवर काही ठरवू नये, असं वाटतं. कोणी समोरून सांगितलं तर गोष्ट वेगळी."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तो हत्यारांची पेटी घेऊन आत्याच्या स्वयंपाकघरात हजर झाला. येण्याचं कारण मेण. आत्यानं आपलं सगळ्यात जुनं भांडं दिलं, तेही दहा सूचना देऊन.

"गॅस बारीक ठेव हो. आणि मेण ओट्यावर सांडलं, तर तुम्ही दोघांनी खरवडायचं."

"हो, आत्या," तो म्हणाला. आल्या आल्या 'आत्या' म्हणाला, म्हणून आत्यानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहून घेतलं आणि ती बाहेर जाऊन बसली. दार तिनं ओढून घेतलं. पूर्ण नाही.

पाण्याच्या पातेल्यात भांडं, भांड्यात मेण. ते कडेनं पारदर्शक होत चाललं. तो स्क्रू-ड्रायव्हर पुसत होता. गिटार जेवणाच्या टेबलावर आडवी होती. घड्याळ टिकटिकत होतं, आणि संध्याकाळ व्हायला फारसा वेळ नव्हता.

"वितळलं," तो म्हणाला. "काढू पिकअप? एकदा मेणात बसले की वेढे हलायचे नाहीत. मग तिच्यापाशी काहीही बोल. ती कोणाला सांगणार नाही."

'बरं' तिच्या जिभेवर आलं होतं. नेहमीचंच, तोंडात बसलेलं. ते म्हटलं असतं तर पिकअप निघाला असता, मेणात गेला असता, संध्याकाळी तो कळवून मोकळा झाला असता, आणि ती वर्षभर बंद गिटारशी बोलत बसली असती. तिला हे सगळं अगदी स्वच्छ दिसलं.

"थांब," ती म्हणाली.

तिनं कोपऱ्यात ठेवलेला छोटा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा स्पीकर, पेडलांच्या बोर्डासकट ओढून आणला. गिटार उचलून मांडीवर घेतली. सवयीनं हात पेडलांच्या बोर्डाकडे गेला, आणि तिथेच थांबला. मग तिनं बोर्ड पायानं बाजूला सारला. कॉम्प्रेसर नाही, डीले नाही, काही नाही. गिटारची केबल सरळ अ‍ॅम्पमध्ये घातली.

ती तारांवर वाकली. ओठ हलले. अ‍ॅम्पमधून काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं, उकळत्या पाण्याच्या आवाजात बुडून गेलं.

"ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

"येणार कसं? उचलून मोठं करणारं काही मधे नाहीये."

"मग?"

"मग जवळ ये."

तो आला. टेबलाला वळसा घालून, खुर्चीपाशी, अगदी जवळ. तिनं मान वर केली. गिटारकडे नाही, त्याच्याकडे पाहिलं, आणि आवाज थरथरत होता तो तसाच थरथरू दिला.

"तू गेलास तर मला करमायचं नाही. जाऊ नकोस." मग दम घेऊन, जरा मोठ्यानं, "मला तू आवडतोस. हे तुला सांगतेय. तुलाच."

त्याचा उजवा डोळा आधी मिटला, मग डावा. त्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि गिटारच्या मानेवर असलेल्या तिच्या हातावर आपला हात ठेवला. सगळ्या तारा एकदम दबल्या, आणि अ‍ॅम्पची बारीक गुणगुण तेवढी चालू राहिली.

"परत एकदा," तो म्हणाला.

"टेक खराब झाला?"

"छे! पण मला तीनदा ऐकायची सवय झालीय."

ती हसली. खळखळून हसली, जराही न दाबता. बाहेर बसलेल्या आत्यानं ते ऐकलं, आणि गेल्या कित्येक वर्षांत हा आवाज आपल्या घरात आला नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. तिनं उठून स्वयंपाकघराचं दार आवाज न करता नीट लावून घेतलं, आणि आतून गॅस बंद झाल्याचा आवाज येईना, तरी हाक मारली नाही.