एका माइकपुढे दोघं

बायबलवर हात ठेवून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझ्या कोंबड्या उद्यापासून अंडी घालायच्या थांबोत.

केंटकीच्या डोंगरातली ओपल टॅकेट, खाणीत राबणाऱ्याची लेक. पाठीला गिटार, अंगावरून पाणी निथळतंय, अशी रेडिओ स्टेशनात घुसली ती थेट फिडलवाल्या वेंडेलवर आदळली.

"हळू, बाई. फिडल आजोबांची आहे."

"मग आजोबांनाच धरायला सांगा ना."

आत मालक होते, प्रूइटसाहेब. ओपल म्हणाली, "शनिवारच्या कार्यक्रमात गायचंय. गाणं मीच रचलंय."

"एकट्या बाईचं कोण ऐकतं, पोरी? नवऱ्याबरोबर गात असशील तर बोल."

गाणं आईवरचं होतं... कोळशानं माखलेले शर्ट धुऊन धुऊन वाकलेल्या आईवरचं. ते तसंच घरी न्यायचं?

"मी आहे की नवरा," दारातून वेंडेल म्हणाला.

तिनं असं पाहिलं, की वल्ली लाकडं पेटावीत. पण नाही काही म्हणाली नाही.

शनिवारी एका माइकपुढे दोघं, गालाला गाल लागेल इतके जवळ.

"कांदा खाल्लास?" ती पुटपुटली.

"बायकोपासून काय लपवायचं?"

लाल दिवा लागला. निवेदक म्हणाला, "ऐकू या वेंडेल आणि त्याच्या बायकोला." बस्स, एवढंच. ओपलचं नावच नाही.

पहिलं कडवं दोघांनी म्हटलं. मग वेंडेल मागे सरकला. आणखी मागे. त्याचा आवाज डोंगरापल्याड जाणाऱ्या गाडीसारखा विरत गेला, आणि उरली एकटी ओपल. काचेमागून प्रूइटसाहेब वेंडेलला पुढे हो म्हणून हातवारे करत होते, पण डोळे मिटून फिडल वाजवणाऱ्याला ते दिसणार कसे? अख्ख्या खोऱ्यातल्या बायका ओल्या हातांनी रेडिओपाशी येऊन उभ्या राहिल्या.

शेवटी वेंडेल माइककडे वाकला. "गाणं ओपल टॅकेटचं आहे. आणि ती माझी बायको नाही... अजून."

मग फोन इतके खणखणले, की साहेबांचा राग त्यातच बुडाला. "पुढच्या शनिवारी एकटीच गा," ते म्हणाले.

बाहेर पायरीवर ओपलनं विचारलं, "ते 'अजून' कुणाला विचारून म्हणालास?"

"परत घेऊ?"

"...राहू दे. पण माइकपुढे मी एकटी."

"आणि मी?"

"तू मागे वाजव. जवळच... पण मागे."

तिनं त्याच्या बाहीचं टोक धरलं ते घर येईस्तोवर सोडलं नाही.

आता कोंबड्यांची काळजी आहे म्हणून सांगते. वेंडेल पहिल्यांदा सरकला तो आपणहून नव्हे, ओपलनं बरगडीत कोपर हाणलं होतं. पुढची पावलं मात्र त्याची स्वतःची.